साहाय्यक प्रशिक्षक, महाविद्यालयीन बेसबॉलमधील

महाविद्यालयीन बेसबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळाडूंची निवड, त्यांचा सराव व सामन्यांतील डावपेच यांची जबाबदारी वाहणारा शिक्षक. हा पेशा मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाला. तेथे बेसबॉल हा महाविद्यालयीन जीवनाचा जुना भाग असून व्यावसायिक संघांना अनेक खेळाडू याच मैदानांवरून मिळतात. खेळाडू घडविण्याचे बरेचसे प्रत्यक्ष काम साहाय्यक प्रशिक्षक करतो. तथापि त्याचे वेतन व दर्जा हे त्याच्या कामावरून न ठरता दीर्घकाळ क्रीडासंघटनेच्या नियमांवरून ठरत आले. या पेशाचा इतिहास हा बहुतांशी या विसंगतीचा व ती दूर करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

उगम : पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना १ जुलै १८५९ रोजी मॅसॅचूसेट्स राज्यातील पिट्सफील्ड येथे झाला. त्यात ॲमहर्स्ट महाविद्यालयाने विल्यम्स महाविद्यालयाचा ७३–३२ असा पराभव केला. त्या काळी संघाचा कारभार विद्यार्थी व त्यांचा कर्णधारच पाहत असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यावसायिक खेळाडूंना हंगामाबाहेरच्या काळात शिकविण्यासाठी बोलाविण्याची प्रथा पडली. १८९० च्या दशकात जॉन मॅग्रॉ व ह्यूई जेनिंग्झ या नामांकित खेळाडूंनी सेंट बोनाव्हेंचर येथे संघास प्रशिक्षण दिले व त्याच्या मोबदल्यात तेथे शिक्षण घेतले. रोख वेतनाऐवजी शिक्षणाची सवलत देण्याचा हा व्यवहार पुढे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना साहाय्यक नेमण्याच्या पद्धतीत टिकून राहिला. १९०६ मध्ये आंतरमहाविद्यालयीन खेळांच्या नियमनासाठी एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली व १९१० मध्ये तिला नॅशनल कॉलेजिएट ॲथ्लेटिक असोसिएशन हे नाव मिळाले. तिची राष्ट्रीय बेसबॉल अजिंक्यपद स्पर्धा १९४७ मध्ये मिशिगनमधील कॅलमझू येथे सुरू झाली. १९५० पासून तिची अंतिम फेरी नेब्रॅस्कातील ओमाहा येथे होते. स्पर्धेचे महत्त्व वाढले तसे एका प्रशिक्षकाने सर्व काम पाहणे अशक्य झाले व कामाची विभागणी होऊ लागली.

कार्य : क्रिकेटमधील गोलंदाजाशी ज्याची तुलना करता येईल असा पिचर, त्याच्या चेंडूला तोंड देणारा बॅटर आणि बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा कॅचर यांच्या कौशल्यांचे स्वरूप भिन्न असते. त्यामुळे एक साहाय्यक सामान्यतः पिचरांकडे व दुसरा बॅटरांकडे लक्ष देतो. पिचरांच्या प्रशिक्षकाचे काम विशेष जोखमीचे आहे. एकाच हाताने पुनःपुन्हा जोराने चेंडू फेकल्यामुळे कोपर व खांदा यांना इजा होण्याचा धोका असतो. म्हणून कोणी किती चेंडू टाकले व त्याला किती विश्रांती हवी, याची नोंद ठेवावी लागते. सामन्यात कोणता चेंडू टाकावयाचा याची खूणही पुष्कळदा प्रशिक्षकच मैदानाबाहेरून कॅचरला देतो. सरावात क्षेत्ररक्षकांकडे शेकडो चेंडू मारून देणे, बॅटरांना चेंडू टाकणे, प्रतिस्पर्धी संघाची टिपणे काढणे, इतकेच नव्हे तर मैदानाची निगा राखणे, हीही कामे साहाय्यकाच्याच वाट्याला येतात.

याहून मोलाचे काम नव्या खेळाडूंच्या भरतीचे. साहाय्यक प्रशिक्षक उन्हाळाभर माध्यमिक शाळांतील खेळाडूंचे सामने पाहत प्रवास करतो व त्यांच्या कुटुंबीयांशी बोलणी करतो. यात पैशाचा प्रश्न गुंतागुंतीचा असे. पहिल्या श्रेणीतील संघास २०२४-२५ पर्यंत केवळ ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मुभा होती व त्या सामान्यतः जास्तीत जास्त २७ खेळाडूंत वाटता येत. त्यामुळे पूर्ण शिष्यवृत्ती क्वचितच मिळे. एखाद्या गुणी मुलाला खर्चाचा अंशच उचलून आपल्या महाविद्यालयाकडे वळविणे, हे साहाय्यकाच्या कौशल्याचे माप ठरले.

उमेदवारी : साहाय्यकाचे पद हे मुख्य प्रशिक्षकपदाची उमेदवारी मानले जाते. याचे ठळक उदाहरण म्हणजे स्किप बर्टमन. मायॅमी बीच येथील माध्यमिक शाळेच्या संघाला १९७० मध्ये राज्य अजिंक्यपद मिळवून दिल्यानंतर ते १९७६ मध्ये मायॅमी विद्यापीठात रॉन फ्रेझर यांचे साहाय्यक झाले. १९८२ मध्ये मायॅमीने पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, त्यात बर्टमन यांचा मोठा वाटा होता. १९८४ च्या हंगामापासून त्यांनी लुइझियाना स्टेट विद्यापीठाची सूत्रे घेतली आणि १९९१, १९९३, १९९६, १९९७ व २००० अशी पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकली. १९९६ च्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने ९–८ असे हरविले ते मायॅमीलाच.

क्लेमसन विद्यापीठाचे उदाहरण वेगळ्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तेथील मुख्य प्रशिक्षक जॅक लेगेट यांना राष्ट्रीय अजिंक्यपद कधीच मिळाले नाही. परंतु त्यांचे साहाय्यक टिम कॉर्बिन यांनी पुढे व्हँडरबिल्ट विद्यापीठाला २०१४ व २०१९ मध्ये, तर दुसरे साहाय्यक केव्हिन ओसलिव्हन यांनी फ्लॉरिडा विद्यापीठाला २०१७ मध्ये ते मिळवून दिले. अर्थात मुख्य प्रशिक्षकाच्या जागा थोड्या असल्याने बहुसंख्य साहाय्यकांची उमेदवारी संपतच नाही. शिवाय मुख्य प्रशिक्षकाला काढले की त्याच्या साहाय्यकांच्या नोकऱ्याही बहुधा जातात.

वेतनाचा प्रश्न : खर्चास आळा घालण्यासाठी संघटनेने १९९२ पासून ‘मर्यादित उत्पन्नाचा प्रशिक्षक’ असा एक वर्ग निर्माण केला. त्याला शैक्षणिक वर्षात १२,००० व उन्हाळ्यात ४,००० असे वर्षाला एकूण १६,००० डॉलरच देता येत. होतकरू तरुणांना संधी देणे हा हेतू सांगितला गेला. प्रत्यक्षात अनुभवी प्रशिक्षकही त्या वेतनात अडकले. बास्केटबॉल प्रशिक्षकांनी या नियमाविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्यान्वये दावा लावला. १९९५ मध्ये कॅनझस येथील संघराज्यीय न्यायालयाने नियम बेकायदा ठरविला व १९९८ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. मालकांनी एकत्र येऊन नोकरांच्या वेतनाची कमाल मर्यादा ठरविणे हे स्पर्धेला बाधक आहे, हे त्यातील सूत्र होते. १९९९ मध्ये संघटनेने ५.४५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. बेसबॉलसह इतर खेळांतील प्रशिक्षकांचाही या वादाशी संबंध होता.

बेसबॉलमध्ये मात्र याहून कठोर असे एक बंधन शिल्लक राहिले. पहिल्या श्रेणीतील संघास मुख्य प्रशिक्षकाखेरीज दोनच पगारी साहाय्यक ठेवता येत. तिसरा ‘स्वयंसेवक’ असावा लागे. त्याला क्रीडाविभागाकडून वेतन घेता येत नसे आणि भरतीसाठी बाहेरगावी जाता येत नसे. उन्हाळी शिबिरांत मुलांना शिकवून मिळणाऱ्या पैशांवर किंवा अन्य कामधंद्यावर त्याचा चरितार्थ चाले. काम मात्र पगारी सहकाऱ्यांच्या बरोबरीचे असे. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचे नामवंत प्रशिक्षक रॉन पोक यांच्यासारख्या मान्यवराने निवृत्तीनंतर अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात स्वयंसेवक म्हणून काम केले, हा आवडीचा भाग होता. संसार मांडू पाहणाऱ्या तरुणाची गोष्ट वेगळी होती.

तिसऱ्या साहाय्यकास वेतन देण्याचा प्रस्ताव एप्रिल २०१९ मध्ये संघटनेच्या परिषदेने फेटाळला. त्यानंतर २०२२ मध्ये माजी स्वयंसेवक प्रशिक्षकांनी कॅलिफोर्नियात दावा दाखल केला. जानेवारी २०२३ मध्ये परिषदेने स्वयंसेवक हा वर्गच रद्द करण्याचे ठरविले आणि १ जुलै २०२३ पासून तिसऱ्या साहाय्यकासही वेतन देण्याची मुभा मिळाली. दाव्यात पुढे सुमारे ४.९ कोटी डॉलरची तडजोड झाली. मुभा म्हणजे सक्ती नव्हे. त्यामुळे निधी तुटपुंजा असलेल्या महाविद्यालयांत या बदलाचा लाभ कितपत मिळतो, हे त्या त्या संस्थेवरच अवलंबून राहते.

दर्जातील बदल : संपन्न विद्यापीठांत साहाय्यकाचे मोल किती वाढले, हे वेस जॉन्सन यांच्या वाटचालीवरून दिसते. आर्‌कॅन्सॉ राज्यातील शालेय संघापासून सुरुवात करून ते महाविद्यालयीन पिचरांचे प्रशिक्षक झाले. २०१८ च्या अखेरीस आर्‌कॅन्सॉ विद्यापीठातून ते थेट मिनेसोटा ट्‌विन्स या व्यावसायिक संघात गेले. जून २०२२ मध्ये मात्र भर हंगामात ते पद सोडून ते लुइझियाना स्टेट विद्यापीठात पुन्हा साहाय्यक झाले. २०२३ मध्ये त्या विद्यापीठाने ओसलिव्हन यांच्या फ्लॉरिडा संघाला हरवून अजिंक्यपद मिळविले. त्यांचा पिचर पॉल स्कीन्स याची त्या वर्षीच्या व्यावसायिक निवडीत सर्वप्रथम निवड झाली आणि जॉन्सन जॉर्जिया विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. सर्वोच्च व्यावसायिक संघातील पद सोडून कोणी महाविद्यालयातील दुय्यम पद स्वीकारावे, ही गोष्ट आधीच्या पिढीला असंभाव्य वाटली असती. मात्र एकाच पेशात एकीकडे असे मानधन व दुसरीकडे अगदी अलीकडेपर्यंतची वेतनहीन सेवा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नांदत होत्या. साहाय्यकाचे मोल ओळखले गेले. ते सर्वांना सारखे लाभले नाही.