एका पेल्याची किंमत



बीड शहराहून दक्षिणेकडे निघालें, म्हणजे बालाघाटाची चढण संपतांच मांजरसुंबा लागतें. उत्तरेस बीड व छत्रपति संभाजीनगर, दक्षिणेस धाराशिव व सोलापूर, पूर्वेस केज व अंबाजोगाई, पश्चिमेस पाटोदा व अहिल्यानगर, असे चारी दिशांचे रस्ते येथें एकमेकांस मिळतात. जवळच कपिलधार येथें मन्मथस्वामींची समाधि असल्यामुळें यात्रेकरूंचीहि वर्दळ असते. बीड शहरांत आगगाडी पोंचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. तोंपर्यंत मोटारीचा थांबा हेंच या भागाचें स्टेशन होतें. निजामाच्या राज्यांत रेल्वेखात्यानें १९३२ सालीं २७ मोटारी घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. तेव्हांपासून मराठवाड्यांतील प्रवासाला मोटार, थांबा आणि चहा असें त्रिविध रूप येत गेलें. मोटार दहा मिनिटें थांबते, प्रवासी उतरतो, घाईनें चहा किंवा कॉफी पितो व पुन्हा चढतो. मागें राहतो तो रिकामा पेला. या रिकाम्या पेल्याचें पुढें काय करावयाचें, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे; पण त्याचा इतिहास आपल्या समाजाच्या इतिहासाशीं निगडित आहे, आणि त्याच इतिहासाच्या शेवटच्या टोंकाला एका कॉफीपुरती ॲल्युमिनियमची कुपी उभी आहे.

पेला वापरून फेंकून देणें ही रीति आपल्याकडे पाश्चात्यांनीं आणली, असा समज आहे. तो अर्धाच खरा. उत्तर हिंदुस्थानांत मातीचा कुल्हड फार जुना. तो फेंकण्यामागें सोयीइतकीच सोवळ्याची कल्पना होती. तांब्यापितळेचें भांडें राखेनें घांसलें कीं शुद्ध होतें. मातीचें भांडें मात्र उष्टें झालें, कीं तें पुन्हा शुद्ध होत नाहीं, अशी धर्मशास्त्राची धारणा. म्हणून अनोळखी माणसाच्या ओंठाला लागलेलें मातीचें भांडें फोडून टाकणें हाच मार्ग. आपल्या भागांत धातूचे पेले आणि पुढें कपबशी रूढ झाली, तेव्हां हीच कल्पना निराळ्या रूपानें प्रकट झाली.

चहा हें पेय आपल्या देशांत घरोघर आपोआप गेलें नाहीं. १९०३ सालीं सरकारनें कायदा करून निर्यातीच्या चहावर उपकर बसविला व त्या पैशांतून चहाचा प्रचार सुरू झाला. स्टेशनांवर, बाजारांत, गिरण्यांच्या दारांशीं चहा पाजून लोकांना त्याची गोडी लावण्यांत आली. चहा पसरला, पण पेला सर्वांचा एक झाला नाहीं. स्टेशनांवर हिंदूंचें पाणी निराळें, मुसलमानांचें निराळें. खेड्यापाड्यांतील हॉटेलांत अस्पृश्य मानलेल्यांसाठीं कपबशी वेगळी ठेवलेली, बाहेर कोनाड्यांत किंवा खुंटीला. पिणाऱ्यानें ती स्वतः उतरवावयाची, स्वतः विसळावयाची आणि पुन्हा तेथेंच ठेवावयाची. तिला कान तुटलेला असला तरी चालत असे. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं जो सत्याग्रह झाला, तो सार्वजनिक पाण्यासाठीं होता. त्या पाण्याचा हक्क मिळविणें आणि त्याच भांड्यांतून पिणें या एकाच लढ्याच्या दोन बाजू होत.

१९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. नंतर १९५५ च्या कायद्यांत, सार्वजनिक हॉटेलांतील भांडीं वापरूं न देणें हा गुन्हा आहे, असें स्पष्ट लिहिलें गेलें. श्रोत्यांनीं या शब्दांकडे क्षणभर लक्ष द्यावें. देशाच्या कायद्याला हॉटेलांतील भांड्यांचा उल्लेख करावा लागला. धुऊन पुन्हा सर्वांसमोर ठेवलेली कपबशी ही साधी वस्तु नव्हे. ती आपल्या समाजानें पुष्कळ कष्टानें मिळविलेली गोष्ट आहे. वेगळी कपबशी ठेवण्याची पद्धति कायदा झाल्याबरोबर सर्वत्र थांबली असें नाहीं, पण आतां तिला कोणीहि आव्हान देऊं शकत होता.

अमेरिकेंत याच सुमारास पेल्याचा इतिहास उलट दिशेनें गेला होता. तेथें आगगाडींत, शाळेंत, विहिरीवर सर्वांसाठीं साखळीला बांधलेला एकच पत्र्याचा पेला असे. त्यांतून क्षय व घटसर्प पसरतो, अशी भीति वैद्यांना वाटूं लागली. बोस्टनच्या लॉरेन्स लुएलन यानें १९०७ च्या सुमारास कागदी पेला काढला. १९०९ सालीं कॅन्सस संस्थानानें सामायिक पेल्यावर बंदी घातली. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या सांथीनें उरलेलें काम केलें. आपल्याकडे पेला विटाळाच्या भयानें फेंकला, तिकडे जंतूंच्या भयानें. जंतूंचें भय खरें होतें, विटाळाचें खोटें. परंतु दोन्हींकडे फेंकण्याला कांहींतरी कारण द्यावें लागत होतें. पुढें कारणाचीहि गरज उरली नाहीं. सोय हेंच कारण पुरेसें झालें.

या सोयीची कथा कॉफीच्या बाबतींत अधिक स्पष्ट दिसते. बाबा बुदन यांनीं येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरांत लावल्या, अशी आख्यायिका आहे. १९३६ सालीं मुंबईंत पहिलें इंडिया कॉफी हाउस निघालें. तेथें कॉफी किटलींत होत असे व टेबलाभोंवतीं बसून ती चौघांनीं प्यावयाची असे. नेमक्या त्याच दशकांत ब्राझीलमध्यें कॉफीचें पीक इतकें झालें, कीं भाव टिकविण्यासाठीं लक्षावधि पोतीं जाळून टाकण्यांत आलीं. या सांठ्याला वाट काढण्याच्या प्रयत्नांतून स्वित्झर्लंडमधील नेस्ले कंपनीनें १९३८ सालीं पाण्यांत विरघळणारी कॉफीची पूड बाजारांत आणली. त्याच कंपनीचा इंजिनियर एरिक फाव्र यानें १९७६ सालीं कॉफीच्या कुपीचें पेटंट घेतलें, आणि १९८६ पासून ती कुपी विकली जाऊं लागली. हिलाच आज पॉड किंवा कॅप्सूल म्हणतात.

या कुपींत पांच-सहा ग्रॅम कॉफी असते. हवा लागून वास उडूं नये म्हणून ती ॲल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या आवरणांत बंद केलेली असते. यंत्र तिला भोंक पाडतें, दाबाखालीं कढत पाणी सोडतें, आणि एक पेला कॉफी मिळते. गाळणी नको, चोथा काढावयास नको, भांडें घांसावयास नको. पण ॲल्युमिनियमच्या आवरणाचें वजन सुमारें एक ग्रॅम भरतें; म्हणजे एक किलो कॉफी पिण्यासाठीं पावणेदोनशेंच्या आसपास कुप्या फेंकाव्या लागतात. नवें ॲल्युमिनियम किलोभर काढावयास सुमारें १४-१५ युनिटें वीज लागते. जुनें वितळविल्यास त्याच्या विसाव्या हिश्श्यांत काम भागतें. परंतु ओल्या चोथ्यानें भरलेली एवढीशी कुपी कचऱ्यांतून वेंचणार कोण?

न्यायाची गोष्ट म्हणून दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. कुपींत कॉफी मोजकी लागते व पाणीहि मोजकेंच तापतें. किटलीभर कॉफी करून अर्धी ओतून देणाऱ्या घरापेक्षां कुपीवाल्याचा अपव्यय कांहीं बाबतींत कमीहि भरेल, कारण कॉफीचा मोठा भार तिच्या लागवडीवरच पडतो. तरीहि १९९० नंतर अमेरिकेंत अशीच प्लास्टिकची कुपी काढणाऱ्या जॉन सिल्व्हन यानें २०१५ सालीं आपल्या शोधाबद्दल उघड खेद व्यक्त केला, आणि २०१६ सालीं जर्मनींतील हँबुर्ग शहरानें सरकारी पैशानें कुप्यांची कॉफी घेण्यास मनाई केली.

मांजरसुंब्याच्या टपरीवर हें महागडें यंत्र नसेल. पण त्याचें तत्त्व तेथें केव्हांच पोंचलें आहे. एका पेल्यापुरती कॉफीची पुडी आणि एकदांच वापरावयाचा कागदी पेला, ही आपली गरिबांची कुपी होय. पुडीचा कागद म्हणजे प्लास्टिक व धातूचे एकमेकांस चिकटलेले थर. ते सुटे होत नाहींत. कागदी पेला नुसत्या कागदाचा नसतो. आंतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणूनच तो गळत नाहीं. खरगपूरच्या आय. आय. टी. मधील संशोधकांना २०२० सालीं असें आढळलें, कीं कढत पाणी अशा पेल्यांत पंधरा मिनिटें राहिलें, तर १०० मिलीलिटर पाण्यांत प्लास्टिकचे सुमारें २५,००० सूक्ष्म कण उतरतात. महाराष्ट्र सरकारनें मार्च २०१८ मध्यें प्लास्टिकचे व थर्मोकोलचे पेले बंद केले. जुलै २०२२ मध्यें केंद्राची बंदी आली, व त्याच महिन्यांत राज्यानें प्लास्टिकचा थर असलेले कागदी पेलेहि बंदीच्या यादींत घातले. नियम झाले, थांब्यावरची घाई मात्र तशीच राहिली.

येथें टपरीवाल्याला दोष देणें सोपें आहे, पण तें खरें नव्हे. कपबशी धुवावयास पाणी लागतें, आणि हा प्रदेश अवर्षणाचा आहे. २०१६ च्या एप्रिलमध्यें शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें आपण विसरलों नाहीं. टँकरचें पाणी विकत घेणाऱ्या माणसाला फेंकावयाचा पेला स्वस्त वाटला, तर त्याचा हिशेब त्याच्या पुरता बरोबरच असतो. शिवाय कप विसळणारा बहुधा एखादा गरिबाचा पोर असे. ती मजुरी गेली, याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. मग कुल्हड आणावा काय? रेल्वेनें २००४ सालीं तसा प्रयत्न केला. परंतु कुल्हड भाजावयास सरपण लागतें, सुपीक माती लागते, आणि भाजलेली माती लवकर मातीला मिळत नाहीं. धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें सातवाहनकालीन खापरें आजहि शेतांत सांपडतात. त्यांना दोन हजार वर्षें होत आलीं.

तेव्हां उत्तर नव्या वस्तूंत नाहीं, व्यवस्थेंत आहे. पेला कांचेचा किंवा स्टीलचा असावा. तो थोड्या पाण्यांत, पहिल्या घंगाळांत घांसून व दुसऱ्यांत विसळून, शेवटीं कढत पाण्यांतून काढावा. विसळलेलें पाणी झाडाला द्यावें. धुणारा प्रौढ असावा व त्याला पुरती मजुरी मिळावी. यासाठीं चहा रुपया-दोन रुपयांनीं महागला, तर तो खर्च आपण आजहि देतच आहोंत. फक्त तो दुसऱ्याच्या माथीं पडतो. बीडमधून वाहणारी बिंदुसरा आणि दक्षिणेकडील मांजरा या दोन्ही नद्या याच बालाघाटांत उगम पावतात व अखेर गोदावरीला मिळतात. डोंगरमाथ्यावर टाकलेला पेला पहिल्या पावसांत खालच्या गांवाचा होतो.

शहरांतील आपल्या घरांत कॉफीचें नवें यंत्र घेण्याचा विचार चालला असेल, तर पितळेची किंवा स्टीलची फिल्टरची दोन भांडीं पुन्हा फडताळांतून काढून पाहावीं. पांच मिनिटें अधिक लागतील. मागें उरेल तो चोथा, आणि तो तुळशीच्या कुंडींत घालतां येईल. आणि प्रवासांत कोणीं धुतलेला पेला पुढें केला, तर तो नाक न मुरडतां घ्यावा. तो सर्वांचा व्हावा म्हणून या देशांत माणसांना झगडावें लागलें आहे.