कुत्र्यांवर टॅक्स लावणारा गव्हर्नर: श्रीलंकेने ज्याला घालवलं तो लॉर्ड टॉरिंग्टन

जुलै १८४८. तेव्हाच्या सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, नवे टॅक्स सुरू झाले. दुकानावर टॅक्स, बंदुकीवर टॅक्स आणि कुत्रा पाळला असेल तर त्याच्यावरही टॅक्स. वर रस्त्यांचा कायदा होताच. १८ ते ५५ वयाच्या पुरुषांनी वर्षातले सहा दिवस रस्त्याच्या कामावर फुकट राबायचं, नाहीतर तीन शिलिंग भरायचे.

हे सगळं आणणारा गव्हर्नर म्हणजे लॉर्ड टॉरिंग्टन. खरं नाव जॉर्ज बिंग, जन्म १८१२ चा. घराणं बडं, त्यातला हा सातवा व्हायकाउंट. (याच घराण्यातल्या ॲडमिरल जॉन बिंगला मिनोर्का बेट वाचवता आलं नाही म्हणून १७५७ मध्ये कोर्ट मार्शल करून गोळ्या घातल्या होत्या.)

टॉरिंग्टन व्हिक्टोरिया राणीच्या दरबारात मानकरी होता, एका रेल्वे कंपनीत डायरेक्टर होता. वसाहत चालवायचा अनुभव म्हणाल तर काहीच नाही. पण पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल नात्यातले होते. १८४७ मध्ये पस्तिशीच्या आसपासचा हा माणूस थेट गव्हर्नर होऊन कोलंबोत उतरला.

तेव्हा कॉफीचे भाव कोसळले होते आणि सरकारी तिजोरी रिकामी होती. इंग्रज मळेवाल्यांना दिलासा म्हणून कॉफीच्या निर्यातीवरचा कर काढायचं ठरलं आणि ती तूट सामान्य माणसाच्या खिशातून भरायची असा हिशोब मांडला गेला. पण गावातल्या माणसाला बंदूक शौकासाठी नको होती, रानडुकरांपासून पीक राखायला हवी होती. कुत्र्याचंही तेच. शिवाय ज्या रस्त्यांवर राबायचं, त्यांचा मोठा फायदा मळेवाल्यांनाच. १८४० च्या कायद्याने कागदपत्र नसलेल्या जमिनी सरकारजमा झाल्या होत्या आणि त्यातल्या कितीतरी मळ्यांसाठी विकल्या गेल्या होत्या. राग आधीपासूनच साचला होता.

हजारो लोक कँडीच्या कचेरीवर गेले. (हो, तिकडेही शब्द कचेरीच!) काही हाती लागलं नाही. २८ जुलैला दांबुल्लाच्या विहारात गोंगालेगोडा बंडा याने स्वतःला राजा म्हणून अभिषेक करवून घेतला आणि पुरन अप्पूच्या पुढाकाराने लोकांनी मातले गाठलं. सरकारी इमारती फोडल्या, कागद जाळले.

सैन्यापुढे हे बंड काही दिवसांतच मोडलं. बंडखोरांच्या हातून एकही इंग्रज सैनिक मेला नाही. तरी टॉरिंग्टनने मार्शल लॉ ऑक्टोबरपर्यंत चालू ठेवला. कोर्ट मार्शलने १८ जणांना गोळ्या घातल्या, लोकांची मालमत्ता जप्त झाली. पुरन अप्पूला ८ ऑगस्टला कँडीत मारलं. बंडाला फटके मारून मलाक्काला पाठवलं, तो तिथेच वारला.

यातलं सगळ्यात गाजलं ते कडहपोळ या बौद्ध भिक्खूचं प्रकरण. त्याला भिक्खूच्या चीवरातच गोळ्या घातल्या. खटल्यात गडबड आहे, जरा थांबा, असं सरकारचेच मुख्य वकील सेल्बी सांगायला गेले होते. टॉरिंग्टनने ऐकलं नाही. बौद्ध समाजात भिक्खूच्या चीवराला काय मान असतो हे त्याला समजलं नव्हतं, किंवा समजूनही फरक पडला नव्हता. मला तरी दुसरी शक्यता जास्त वाटते.

इकडे 'कोलंबो ऑब्झर्व्हर'चे संपादक डॉ. ख्रिस्तोफर इलियट टॅक्सच्या विरोधात आधीपासून लिहीतच होते. प्रकरण लंडनला पोचलं. १८४९ मध्ये ब्रिटिश संसदेची चौकशी समिती बसली. साक्षी झाल्या आणि गव्हर्नर व त्याच्या अधिकाऱ्यांनी एकमेकांबद्दल लिहिलेली खाजगी पत्रंही चव्हाट्यावर आली. शेवटी १८५० मध्ये टॉरिंग्टनला पद सोडून मायदेशी परतावं लागलं. त्याच्या जागी आले सर जॉर्ज अँडरसन. हे मुंबई इलाख्यातले मुरलेले अधिकारी, १८४१-४२ मध्ये मुंबईचे हंगामी गव्हर्नरही होते.

शिक्षा म्हणाल तर टॉरिंग्टनला कसलीच झाली नाही. १८५१ मध्ये संसदेत आलेला निषेधाचा ठराव पडला. १८५३ मध्ये तो पुन्हा राणीच्या दरबारात रुजू झाला आणि मधला थोडा काळ सोडला तर १८८४ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. पुरन अप्पू आज श्रीलंकेचा राष्ट्रीय वीर मानला जातो.