मल्लग्रंथांतील श्रमभेद

मल्लविद्येच्या प्राचीनत्वाविषयीं लिहितांना मानसोल्लासांतील मल्लविनोदाचा उल्लेख करण्याचा प्रघात आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेल्या या ग्रंथांत ज्योतिषगणितासाठीं शके १०५१ (इ. स. ११२९) हें वर्ष धरलें आहे, त्यावरून त्याचा काळ ठरतो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं तो संपादिला. लेखकमंडळी त्यांतील ‘स्तंभश्रम’ हा एक शब्द उचलतात, आजचा मल्लखांब नऊशें वर्षांचा असल्याचें सांगतात आणि पुढें जातात. त्या शब्दाच्या शेजारचे चार शब्द मात्र उपेक्षित राहतात. प्रस्तुत लेखांत त्या पांचही शब्दांच्या संगतीचा विचार करावयाचा आहे.

मानसोल्लासांत मल्लांचे श्रम पांच सांगितले आहेत: भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लणकश्रम व स्तंभश्रम. भार वाहणें, चालणें, पाण्यांत अंग चालविणें, बाहूंनीं रेटारेटी करणें आणि खांबाशीं झटणें, असा त्यांचा सरळ अर्थ. (‘पेल्लण’ या प्राकृत वळणाच्या शब्दावरून मराठी ‘पेलणें’ वाचकांस आठवेलच.) ज्याचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला त्यास अशी यादी दिसली कीं ती वर्गीकरणाची हौस वाटते; मींही पुष्कळ वर्षें ती तशीच वाचली. परंतु नांवें कशावरून पडलीं आहेत हें पाहतां निराळी गोष्ट ध्यानांत येते. शरीराला ज्याच्याशीं झगडावयाचें, त्याचेंच बहुधा नांव त्या श्रमास दिलें आहे: ओझें, वाट, पाणी, दुसऱ्याचे बाहु, खांब. ओझ्याला डावपेंच नसतात. पाणी चोहोंकडून अडवितें. माणूस फसवितो. खांब जागचा हलत नाहीं, पण पकड सैल झाली कीं आपणच खालीं येतों. प्रतिपक्ष बदलला म्हणजे शरीराकडून होणारी मागणीही बदलते. एका ओझ्यास सरावलेला मल्ल पाण्यांत उतरला कीं पुन्हां नवशिका ठरतो. यादी करणाराच्या मनांत हेंच असावें, असें माझें अनुमान आहे.

या अनुमानास बळकटी मल्लपुराणानें मिळते. मोढेऱ्याकडील ज्येष्ठीमल्ल ब्राह्मणांचा हा ग्रंथ सांडेसरा व मेहता यांनीं १९६४ सालीं बडोद्याहून प्रसिद्ध केला. तेथें श्रमांची संख्या सोळांवर गेली आहे. रंगांतील प्रत्यक्ष झुंज, स्तंभ, जल हे श्रम त्यांत आहेतच. शिवाय सोपानारोहण म्हणजे पायऱ्या चढणें आहे, श्वासश्रम आहे, भोजनोत्तर भ्रमणही आहे. गोणितकाचे गुरु आणि लघु असे दोन भेद वेगळे मोजले आहेत; भार चढवीत नेण्याची कल्पना त्यावरून स्पष्ट होते. सर्वांत नवल ऊहापोहश्रमाचें. डावांविषयींचा तर्कवितर्क हा नैयायिकाचा शब्द येथें घामाच्या पंक्तीस बसविला आहे!

याच्या शेजारीं वैद्यकग्रंथ ठेवावेत. व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा, हा सुश्रुताचा नियम. हृदयस्थ वायु मुखाशीं येऊं लागला कीं अर्धी शक्ति खर्च झाली असें समजावें. वाग्भट त्यास ऋतूची मर्यादा घालतो: अर्धशक्ति शीतकाळीं व वसंतांत, एरव्हीं त्याहून कमी. अतिव्यायामानें तृष्णा, क्षय, कास, ज्वर होतात, हाही इशारा आहेच. गृहस्थास हें पुरेसें आहे. मल्लाचें मात्र अर्ध्या शक्तीवर भागत नाहीं. आणि रोज एकच श्रम पूर्ण शक्तीनें केला तर वैद्याचें भाकित खरें ठरावयाचें. अवघड श्रमांच्या मधून चालणें, श्वास आणि ऊहापोह घालणें हीच या पेंचांतून निघण्याची वाट दिसते. सोळांपैकीं कांहीं श्रम इतके सौम्य कां, याचा उलगडा मला तरी दुसऱ्या रीतीनें होत नाहीं.

स्तंभश्रमाविषयीं मात्र सावधगिरी हवी. आजच्या मल्लखांबाची परंपरा दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांच्यापर्यंत नेतां येते. तेथून मागें सोमेश्वरापर्यंत साडेसहा शतकांहून अधिक अंतर आहे. केवळ एका समान शब्दावर तें ओलांडणें हें संशोधन नव्हे. मधला दुवा जुळावयाचा तर तो तालमींच्या आणि घराण्यांच्या कागदांतूनच जुळेल.

आणि येथें संग्राहकांशीं माझें भांडण आहे. सचित्र पोथीस वाटेल तें मोल देणारे आपण, उस्तादाची खर्चाची वही दप्तरांत निघाली कीं ती हिशेबी कागद म्हणून बाजूस टाकतों. कोणत्या वारीं जोर, कोणत्या वारीं खांब, नाल किती वजनाचा, खुराकाचें दूध कोणत्या महिन्यांत वाढलें, हें अशाच वहींत सांपडावयाचें. वार, संख्या आणि वजन हीं तीन एका पानावर आढळलीं तर तें पान रद्दींत न देतां आधीं त्याची नक्कल मंडळाकडे धाडावी. मोडी वाचण्याचें काम मी करीन.