सातबारा, फेरफार, साठेखत, खरेदीखत: कोणता कागद नेमकं काय सांगतो?

‘सातबाऱ्यावर नाव लागलं, म्हणजे जमीन आपली झाली,’ असं गावोगावी म्हटलं जातं. कायद्याच्या दृष्टीने मात्र हे अर्धंच खरं आहे. जमिनीच्या व्यवहारात प्रत्येक कागदाचं काम वेगळं असतं. एका कागदाला दुसरा समजून पैसे दिले, तर भांडण थेट कोर्टात जातं. म्हणून हे शब्द नीट समजून घेऊया.

सातबारा: गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 यांचा एकत्रित उतारा. नमुना 7 मध्ये गट नंबर, क्षेत्र, भोगवटादाराचं नाव आणि इतर हक्क असतात, तर नमुना 12 मध्ये पिकांची नोंद. हा महसुली अभिलेख आहे. त्यातली नोंद चुकीची असल्याचं सिद्ध होईपर्यंत ती बरोबर मानली जाते. पण केवळ नोंदीने मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलं आहे.

आठ अ: एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन दाखवणारा उतारा.

प्रॉपर्टी कार्ड: शहरात किंवा गावठाणात जिथे नगर भूमापन झालं आहे, तिथे सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका असते. तिच्यावर सिटी सर्व्हे नंबर असतो.

फेरफार: खरेदी, वारसा, वाटणी किंवा कर्ज यामुळे हक्कात झालेल्या बदलाची नोंद. तलाठी नोंद घेतो आणि संबंधितांना नोटीस देतो. हरकतीसाठी 15 दिवस मिळतात. त्यानंतर नोंद प्रमाणित होते आणि सातबारा बदलतो.

साठेखत: ठरलेल्या अटींवर पुढे विक्री करण्याचा करार. यात बहुतेक वेळा इसार, म्हणजे आगाऊ रक्कम दिली जाते. साठेखताने मालकी बदलत नाही.

खरेदीखत: विक्रीत मालकी देणारा दस्त हाच. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 नुसार 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. सह्या झाल्यापासून 4 महिन्यांच्या आत दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदणीसाठी द्यावा लागतो.

इंडेक्स टू: नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा. कोणी, कोणाला, काय आणि किती मोबदल्यात दिलं, हे त्यात दिसतं.

कुलमुखत्यारपत्र: आपल्या वतीने व्यवहार करण्याचा दुसऱ्याला दिलेला अधिकार. ‘पॉवरवर जमीन घेतली’ असं म्हणतात, पण अशा कागदाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं.

हक्कसोडपत्र: सहहिस्सेदाराने आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदारासाठी सोडल्याचा दस्त. अनेक घरांत बहिणींकडून ‘फक्त एक सही’ म्हणून घेतली जाते, ती बऱ्याचदा याच कागदावर. एकदा नोंदणी झाली की हिस्सा परत मिळवणं फार कठीण असतं. त्यामुळे वाचल्याशिवाय सही करू नका.

भोगवटादार वर्ग 1 आणि वर्ग 2: वर्ग 1 ची जमीन विकायला साधारणपणे सरकारी परवानगी लागत नाही. वर्ग 2 च्या जमिनीवर हस्तांतरणाचे निर्बंध असतात. सक्षम अधिकाऱ्याची परवानगी न घेता केलेला व्यवहार अडचणीत येऊ शकतो.

बोजा: जमिनीवरचं कर्ज किंवा इतर देणं. ते सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात दिसतं. कुळाची नोंदही तिथेच सापडते, म्हणून घेणाऱ्याने हा रकाना सर्वांत आधी वाचावा.

थोडक्यात, खरेदीखताने मालकी येते, फेरफाराने तिची नोंद होते आणि सातबाऱ्यावर ती दिसते. इसार देण्यापूर्वी ताजा सातबारा, जुने फेरफार आणि विकणाऱ्याच्या नावचा मूळ दस्त हे तिन्ही मागा. तिन्हींत नाव, गट नंबर आणि क्षेत्र जुळत नसेल, तर वकिलाला कागद दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.