शेटलंडचे दगडी वाफे
स्कॉटलंडच्या उत्तरेस, सुमारे ६० अंश अक्षांशावरील शेटलंड बेटांवर झाडांचा आडोसा जवळजवळ नाही; त्यामुळे केल, म्हणजे कोबीच्या कुळातली पण गड्डा न धरणारी पालेभाजी, खाऱ्या वाऱ्यापासून आणि मोकाट मेंढ्यांपासून वाचवण्यासाठी तेथील शेतकऱ्यांनी ‘प्लँटिक्रब’ नावाचे चिमुकले दगडी वाफे उभारले. सामाईक चराऊ रानात, चुन्याविना नुसते दगडावर दगड रचून बांधलेल्या या बहुधा वर्तुळाकार वाफ्यांना दार नसे; भिंत ओलांडूनच आत उतरावे लागे, आणि फटींतून शिरताना वाऱ्याचा जोर मोडत असे. ही रचना साधी दिसली तरी तिच्यामागचे शहाणपण असामान्य आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस पेरलेली रोपे हिवाळाभर तेथेच राखून, कोकणात भाताची लावणी करतात त्याप्रमाणे, वसंतात घराजवळच्या परसात लावली जात. पाने माणसे खात, तर बराच पाला हिवाळ्यात गुरामेंढ्यांपुढे पडे. केल दुसऱ्या वर्षीच फुलत असल्याने बियाण्यासाठी काही झाडे राखून ठेवावी लागत, आणि घरोघरी पिढ्यानपिढ्या असे बी धरले गेल्यामुळेच शेटलंडचा स्वतंत्र वाण टिकला.