मातीच्या गाडीपासून बॅटरीच्या गाडीपर्यंत

मुलाच्या खेळण्यातल्या गाडीवरून आपल्याकडे एका नाटकाला नाव मिळालं आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आपल्या मातीच्या गाडीवर रुसतो, आणि वसंतसेना अंगावरचे दागिने काढून त्याच्या गाडीत भरते. देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणलं. आपल्या गोव्याला जास्त ओळखीचा असेल तो सावंतवाडीचा लाकडी पांगुळगाडा. त्याचं चाक निखळलं तर खुंटी ठोकायची, की झाली दुरुस्ती!

मूल आत बसेल आणि गाडी आपली आपण चालेल, ही हौस मात्र बॅटरीने पुरवली. एत्तोरे बुगाटी या मोटार बनवणाऱ्याने १९२६-२७ च्या सुमारास आपल्या धाकट्या मुलासाठी, रोलांसाठी, ‘टाईप ३५’ या शर्यतीच्या गाडीची अर्ध्या आकाराची प्रतिकृती केली. ती १२ व्होल्टच्या बॅटरीवर चाले. लोकांनी मागणी केली म्हणून ती विकायलाही काढली. आज दुकानात दिसणाऱ्या बॅटरीच्या गाड्यांची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

गाडी आली तशी तिची दुखणीही आली. बिदरजवळच्या कमठाण्याहून माझ्या मेव्हण्याचा फोन आला. “दाजी, पोराच्या गाडीचे दिवे लागतात, भोंगा वाजतो, पण गाडी जागची हलंना!” मी त्याला मीटर घेऊन बसायला सांगितलं. गाडी उभी असताना बॅटरी १२.४ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे वरवर ठीक. मग पेडल दाबून बघायला सांगितलं, तर काटा थेट सातावर. निदान झालं. दिव्याला चिमूटभर वीज पुरते, मोटरला ओंजळभर लागते, आणि या बॅटरीत आता चिमूटभरच उरली होती.

असं का होतं, याचं उत्तर १८५९ सालात आहे. त्याच्या आधी, १८०० मध्ये, व्होल्टाने जस्त आणि तांब्यासारख्या धातूंच्या चकत्यांमध्ये खारट पाण्याने भिजवलेला पुठ्ठा ठेवून वीज मिळवली होती. (जस्त आणि तांबं हेच बिदरच्या बिदरी भांड्यांचेही धातू, हे मेव्हण्याला सांगितल्यावर तो फार खूश झाला!) पण ती वीज एकदा संपली की संपली. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिशाचे पत्रे गंधकाम्लात ठेवून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. मुलांच्या बहुतेक गाड्यांत आजही तीच, फक्त सीलबंद.

या बॅटरीची खोड अशी : रिकामी होताना पत्र्यांवर शिशाचं सल्फेट जमतं. लगेच चार्ज केली तर ते विरतं, तशीच ठेवली तर त्याचे कडक खडे होतात आणि पुढे निघत नाहीत. आपल्याकडे मृगापासून चवथीपर्यंत गाडी पडवीत पडून राहते. ती अंगणात पळून थकत नाही, पडवीत पडून मरते. महिन्यातून एकदा चार्ज केली तर वाचते.

पेडल दाबूनही व्होल्टेज टिकलं आणि मोटर गप्प राहिली, तर दोष पेडलखालच्या स्विचमध्ये, वायरीत किंवा मोटरमध्ये. मोटर घरघरते पण चाक फिरत नाही, तर प्लास्टिकचे दाते झिजलेले. सगळंच गप्प असेल तर आधी फ्यूज पाहावा.

फ्यूजचं ऐकताच मेव्हणा म्हणाला, “तो गेलता, एकाने तांब्याची तार लावून दिली.” मी गाडी तिथल्या तिथे बंद ठेवायला लावली. अमेरिकेत १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘पॉवर व्हील्स’ नावाच्या अशा गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या, सुमारे एक कोटीपर्यंत! वायरी नि विजेचे भाग तापून आगी लागत होत्या. बॅटरी छोटी दिसते, पण तिची टोकं जोडली गेली तर तार लाल होते, आणि त्या तारेवर आपलं मूल बसलेलं असतं. ज्या आकड्याचा फ्यूज जळला, त्याच आकड्याचा नवा घालावा. तो पुन्हा जळला तर दोष दुसरीकडे आहे, तो शोधावा.

जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यावी, भंगारात किंवा शेतात टाकू नये. शिसं मुलांच्या मेंदूला बाधतं.

रोहसेनाची गाडी फुटली असती तर माती पुन्हा मळता आली असती. आपल्या मुलांच्या गाडीत एकोणिसाव्या शतकातलं रसायन बसलेलं आहे. त्याचा स्वभाव माहीत असेल तर निम्म्या गाड्या भंगारात जाणार नाहीत, आणि फ्यूजच्या जागी कुणी तार लावणार नाही.