‘प्रभूचे तारू’ : नोवा हुता येथील श्रमदानाचे चर्च

पोलंडमधील क्राकूव शहरालगत कम्युनिस्ट राजवटीने १९४९ साली पोलाद कामगारांसाठी नोवा हुता ही वसाहत वसविण्यास आरंभ केला. तिच्या आराखड्यात चर्चला स्थान नव्हते. १९५७ साली भाविकांना जागा मिळाली व तेथे क्रूस उभारण्यात आला. परंतु पुढे परवानगी रद्द झाली. एप्रिल १९६० मध्ये क्रूस हटविण्याचा प्रयत्न होताच प्रथम स्त्रिया आडव्या आल्या, मग कामगार. पोलिसांशी चकमकी झडल्या, पण क्रूस राहिला.

अखेर १९६७ साली बिएंचित्से या भागात बांधकामास अनुमती मिळाली. १४ ऑक्टोबर रोजी कार्डिनल करोल वोयतिवा यांनी पाया खोदण्यास स्वहस्ते आरंभ केला. सरकारी मदत नव्हतीच. पोलंडच्या कानाकोपऱ्यांतून, तसेच परदेशांतूनही स्वयंसेवक येत. फावड्यांनी माती काढत, हातांनी काँक्रीट कालवत. ज्या धर्मग्रामाशी आपला काडीचाही संबंध नाही, त्याच्यासाठी सुट्टी खर्ची घालणारे हे तरुण होते, हे विशेष. बाह्य भिंतींवर नदीतील सुमारे २० लाख गोटे बसविलेले आहेत. तेही देशभरातून आले. पायाच्या दगडाचा तुकडा मात्र रोमचा : संत पेत्राच्या कबरीतील, पोप सहावे पॉल यांनी दिलेला.

१५ मे १९७७ रोजी कार्डिनल वोयतिवा यांनी चर्चचे पवित्रीकरण केले. पुढे पोप दुसरे जॉन पॉल या नात्याने १९७९ साली ते मायदेशी आले, तेव्हा सरकारने त्यांना येथे येऊ दिले नाही. त्यांनी जवळच्या मोगिवा मठात मिस्सा अर्पण केली.